पॉडकास्ट, व्यावसायिक

ग्राहकाला आपल्या संकेतस्थळापर्यंत आणण्यासाठी एखाद्या व्यवसायाने काढलेली ध्वनिमालिका. ‘पॉडकास्टिंग’ हा शब्द बेन हॅमर्स्ली यांनी २००४ मध्ये ‘द गार्डियन’मधल्या लेखात वापरला. पुढच्याच वर्षी ॲपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्टची सोय केली.

जनरल इलेक्ट्रिकची ‘द मेसेज’ (२०१५) ही आठ भागांची मालिका या प्रकारातला ठळक नमुना. परग्रहावरून आलेला संदेश उलगडण्याची ही काल्पनिक कथा आयट्यून्सच्या पॉडकास्ट-यादीत पहिल्या क्रमांकावर पोचली. जाहिरातीचा सूर कटाक्षाने टाळला, हेच तिचे बळ.

खरी अडचण पुढची. श्रोता गाडी चालवत असतो किंवा पोळ्या लाटत असतो. पिठाच्या हातांनी दुवा कोण दाबणार? म्हणून निवेदकाच्या तोंडचा पत्ता छोटा, एकदा ऐकून लक्षात राहील असा हवा. शोधयंत्रांची भिस्त अजूनही मुख्यतः मजकुरावर असते. त्यामुळे प्रत्येक भागाचे शब्दांकन संकेतस्थळावर स्वतंत्र पानावर देणे मोलाचे ठरते.

ध्वनिफीत आरएसएस फीडमार्फत थेट ॲपमध्ये पोचते. संकेतस्थळावर पाऊल न ठेवताही सगळे ऐकता येते, तेव्हा तिथवर यायला काही कारण द्यावे लागते: भागात उल्लेखलेला तक्ता, नकाशा किंवा पाककृती.