खाडीचा मासा आणि तळ्याचा मासा

शीव म्हणजे हद्द. मुंबई बेट जेथे संपत असे, त्या हद्दीवर खाडीच्या काठाने शीव कोळीवाडा वसला. 1947 नंतर पंजाबातून आलेल्या निर्वासितांनी येथे संसार थाटले आणि तळलेल्या कोळंबीला या वाडीचे नाव मिळाले. मूळ वस्ती मात्र कोळ्यांची. खाडीत कोणी बी टाकीत नाही की कोणी चारा घालीत नाही. भरती मासा आणते, ओहोटीला तो जाळ्यात सापडतो. अशा गावात बसून तळ्यातल्या माशांचा इतिहास सांगणे थोडे विपरीतच. पण लालबाग-परळच्या गिरण्यांना 1915 पासून ज्या तळ्यांच्या पाण्यावर वीज मिळू लागली, त्यांचीच ही हकीकत आहे.

1911 साली लोणावळ्यास वळवणच्या धरणाचा पाया घातला गेला. पूर्वेकडे वाहून जाणारे पाणी टाटांच्या कंपनीने अडविले आणि घाटाखाली खोपोलीस सोडले. पुढे मुळशीच्या तळ्याखाली शेतकऱ्यांच्या जमिनी जाऊ लागल्या, तेव्हा 1921 मध्ये सत्याग्रह झाला. त्यातील सेनापती बापटांचे नाव सर्वांस ठाऊक आहे. माशांच्या वतीने उभे राहणारे कोणी नव्हते.

या नद्यांतला मानाचा मासा महसीर. कर्नल साइक्स यांनी 1839 साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील महसिराचे वर्णन केले आणि त्याला 'खुद्री' हे नाव दिले. हा वाहत्या पाण्याचा जीव. पावसाळ्यात तो प्रवाहाच्या उलट चढून जातो आणि गोट्यांच्या तळावर अंडी घालतो. धरणाची भिंत त्याला चढता येत नाही.

साध्या तळ्याचा व्यवहार सोपा असतो. कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली सोडावी, भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड घालावी, मासा भरला की ओढजाळे टाकावे. पूर्वी त्यांचे बी पुराच्या वेळी नद्यांतून गोळा करावे लागे. 10 जुलै 1957 रोजी हिरालाल चौधरी यांनी ओरिसात पोषग्रंथीचा अर्क टोचून बंदिस्त माशांकडून अंडी मिळविली, तेव्हा ती अडचण सुटू लागली.

महसिराचा हिशेब निराळा. तो वाढतो सावकाश, आणि त्याची अंडी मोठी पण थोडी. 1970 च्या सुमारास लोणावळ्यास कंपनीच्या तळ्याकाठी त्याची पैदास सुरू झाली. राज्याचे माजी मत्स्यसंचालक सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी या कामी पुष्कळ खटपट केली. पावसाळ्यात पक्व मादी धरून तिच्या पोटावर हळुवार दाब द्यायचा, अंडी भांड्यात घ्यायची, त्यांवर नराचे वीर्य मिसळायचे आणि वाहत्या पाण्याच्या तबकांत ती पसरून ठेवायची. तीन-चार दिवसांत पिले बाहेर पडतात. पण ती पोहत नाहीत. तळाशी, कोपऱ्यात, अंधाराकडे तोंड करून पडून राहतात. पोटाशी बलकाची शिदोरी असते. ती संपेपर्यंत त्यांना खाऊ घालणे म्हणजे पाणी नासविणे. आम्हांस वाटते, या साऱ्या उद्योगात हे थांबणेच सर्वांत कठीण असावे.

या तळ्याचे पीक म्हणजे बोटुकली. ती दूरदूरच्या राज्यांत गेली. कावेरीतही सोडली गेली, आणि तेथे रुजलीही. परंतु कावेरीचा स्वतःचा महसीर वेगळा होता, पाठीला कुबड असलेला आणि आकाराने प्रचंड. त्याची शास्त्रीय ओळख नीट पटेपर्यंत 2018 साल उजाडले, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला. वाळूउपसा, धरणे आणि सुरुंगाने केलेली मासेमारी ही कारणे होतीच. पण त्याच्या पाण्यात आता बहुसंख्येने दिसतो तो निळसर परांचा पाहुणा, आपल्याकडच्या तळ्याकाठी जतनाच्या हेतूने वाढविलेला. एकदा नदीत गेलेले बी परत वेचता येत नाही.