सहा मिनिटांचा पाठ

1963 च्या सुमारास अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन आणि सहकाऱ्यांनी शिकाऊ शिक्षकांसाठी छोटी तालीम आखली. पाच-दहा मिनिटांचा पाठ, समोर मोजके विद्यार्थी आणि लवकरच जोडीला आलेला व्हिडिओ रेकॉर्डर. पाठ संपला की स्वतःलाच पडद्यावर पाहायचं. नजर फळ्यालाच चिकटते, हे मग कुणी सांगायची गरज नसे. सुधारून पुन्हा तोच पाठ.

भारतात हे सूक्ष्म अध्यापन रुजलं. पण कॅमेरे कुठून आणणार? एनसीईआरटीच्या नमुन्यात वर्गमित्रच विद्यार्थी झाले, यंत्राऐवजी निरीक्षकाचा तक्ता आला. 36 मिनिटांच्या चक्रात पाठ सहाच मिनिटांचा. मित्रांनी शाळकरी पोरांचं सोंग घेणं विनोदीच, तरी धीट करणारं.

आता बी.एड.च्या विद्यार्थ्यांच्या खिशातच कॅमेरा आहे. सरावपाठाला तो जरूर लावावा.