हो-नाहीचा कागद

1917 साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली, तेव्हा तिच्या लष्कराला शत्रूइतकीच दुसरीही एक धास्ती होती. युरोपात तोफांच्या माऱ्याखाली धडधाकट जवान कोलमडत होते. अंगावर ओरखडा नाही, पण हात थरथरतात, झोप उडालेली. असे गडी भरतीतच ओळखायचे तर लाखोंच्या मुलाखती घ्यायला डॉक्टर आणणार कुठून? कोलंबिया विद्यापीठातल्या रॉबर्ट वुडवर्थ यांनी तोडगा काढला : 116 प्रश्न, उत्तर फक्त हो किंवा नाही. मनोरुग्णांच्या नोंदी चाळून त्यांनी लक्षणं वेचली आणि त्यांचेच प्रश्न केले. झोप नीट लागते का, नदीवरचा पूल ओलांडताना धाकधूक होते का, असे.

मला वुडवर्थ यांचं कौतुक वाटतं ते प्रश्न गाळण्यासाठी. चांगल्या माणसांतही चारांत एकाहून जास्त जण एखाद्या प्रश्नाला ‘आजारी’ उत्तर देत असतील, तर तो प्रश्न बाद! पण कागद तयार होईतो युद्धच संपलं. पुढे 1930 च्या सुमारास शिकागोत थर्स्टन दांपत्याने अशाच प्रश्नांची लांबलचक यादी कॉलेजातल्या मुलांपुढे ठेवली. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या मिल हिल रुग्णालयात मानसशास्त्रज्ञ आयझेंक यांनी सैनिकांना तपासलं. भरतीचा कागद असा हळूहळू स्वभावाचा कागद झाला.

एक गोची मात्र सुटत नव्हती. मी प्रात्यक्षिकाला प्रश्नावली वाटतो, तेव्हा कोणीतरी विचारतंच, “सर, आजचं लिहू की नेहमीचं?” परीक्षेच्या आठवड्यात तर हमखास. चार्ल्स स्पीलबर्गर यांनी 1970 मध्ये दोन्ही सरळ वेगळं केलं : चिंतेबद्दलची 40 विधानं, त्यांतली 20 ‘या क्षणी’ची आणि 20 ‘एरवी’ची.

1988 मध्ये वॉटसन, क्लार्क आणि टेलिगन यांनी सगळं आणखी सुटसुटीत केलं. उत्साही, सावध, चिडलेला, शरमलेला असे 20 शब्द. प्रत्येकापुढे 1 ते 5 पैकी एक आकडा घालायचा. शब्द तेच ठेवून नुसती वरची सूचना बदलायची : ‘या क्षणी’ की ‘एरवी’. विद्यार्थ्यांनी आठ आठवड्यांनी तोच कागद पुन्हा भरला. ‘एरवी’च्या सूचनेला दोन वेळच्या गुणांचा सहसंबंध (1 म्हणजे पूर्ण मेळ, 0 म्हणजे काहीच नाही) चांगल्या भावनांसाठी 0.68, वाईट भावनांसाठी 0.71 आला. ‘या क्षणी’ विचारलं तेव्हा तो घसरला, पण 0.54 आणि 0.45 वरच थांबला. माझ्या मते खरी गंमत या दुसऱ्या जोडीत आहे. दोन महिन्यांत किती काय काय घडून गेलेलं असतं, तरी घटकाभराच्या मूडमधूनही स्वभाव डोकावतोच.

दवाखान्यात किंवा नोकरीच्या मुलाखतीआधी असा कागद हातात आला, तर आधी वरची सूचना वाचा. मागच्या आठवड्याचं विचारलं असेल, तर मागच्या आठवड्याचंच लिहा.