दुष्काळी गाव आणि पुरानंतरचा चिखल

कळंब म्हटलं की बाहेरच्यांना दुष्काळच आठवतो. खरं तर आम्हालाही! टँकर आला की हंडे कसे लावायचे, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, कारण आमच्या शेजारचं धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. त्याच धरणाचे १८ दरवाजे सप्टेंबर २०२१ मध्ये उघडावे लागले. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तर परंडा तालुक्यात माणसं काढायला हेलिकॉप्टर आलं.

पाणी चढतं तेव्हा सगळे जागे असतात. ते उतरल्यावर, ऊन पडल्यावर माणूस बेसावध होतो. कोकणातल्या माणसाला पुरानंतरचं घर आवरायची थोडीफार सवय असते. आमच्याकडे ती वाडवडिलांकडून आलीच नाही. आमच्याकडे आहे ती भूकंपाची आठवण.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३.५६ ला किल्लारीचा भूकंप झाला. आपल्या जिल्ह्यात उमरगा-लोहाऱ्याकडची गावं बसली. माणसं मेली ती मुख्यतः घरांमुळे. मातीत रचलेल्या गोल दगडांच्या जाड भिंती आणि वर मणामणाच्या मातीचं माळवद. नंतर पत्रे आले, स्लॅब आले, पण जुन्या गल्ल्यांत माळवदं अजून आहेत. मला वाटतं, पुराचा धडा आपण तिथूनच घ्यावा. कारण पाऊस तेच काम सावकाश करतो. माळवदाची माती पाणी पिते, वजन वाढतं. खाली भिंतीतली माती मऊ होऊन दगड सुटतात. अशी भिंत पावसात पडेलच असं नाही. दोन दिवसांनी, आपण झाडू घेऊन आत गेल्यावरही पडते. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा पुण्यात नदीकाठच्या पेठांतले मातीचे वाडे असेच बसले होते.

तेव्हा आधी बाहेरून बघा. भिंतीला पोट सुटलंय का, तुळई खचलीय का. शंका आली तर धान्याच्या कोठीसाठीसुद्धा आत जाऊ नका. आणि ओलं माळवद हलकं करायला वर चढणं तर नकोच! घर धड असलं तरी वीज तोडल्याची खात्री झाल्याशिवाय ओल्या भिंतीला हात लावू नका.

दुसरा धडा मुंबईचा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पुढच्या महिन्यात तापाचे रुग्ण वाढले, त्यात लेप्टोचे पुष्कळ. उंदरांच्या लघवीतले जंतू चिखलपाण्यात उतरतात आणि जखमेतून शरीरात शिरतात. आता आमच्या शेतकऱ्याच्या टाचा आठवा... भेगाच भेगा! म्हणून गमबूट. आणि पुढच्या काही आठवड्यांत ताप आला तर 'चिखलात काम केलंय' हे डॉक्टरांना आपण होऊन सांगायचं. गोळी मेडिकलमधून परस्पर आणायची नाही.

विहिरीचं मात्र जपून. नेहमीच्या दिवसांत १००० लिटरला अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर पुरते, पुराच्या गढूळ पाण्याला जास्त लागते. ते ग्रामपंचायतीच्या किंवा आरोग्य केंद्राच्या माणसाला विचारूनच ठरवावं. गाळ काढायला डिझेल इंजिन विहिरीत उतरवतात, त्याचा धूर खालीच कोंडतो आणि माणूस हाक न मारता कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही तसाच. कंदील सोडून बघायची जुनी पद्धत आहे, पण तेवढ्यावर विसंबू नये, कारण धुरातला विषारी वायू असतानाही कंदील जळत राहतो.

बाकी कडब्याच्या गंजीत हात घालण्याआधी लांब काठीनं हलवून बघायचं, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. घोणस तिथं कोरड्या दिवसांतही असते.

चिखल ओला असतानाच काढावा. आमची काळी माती एकदा वाळली की खोऱ्याला दाद देत नाही. चिपळूणच्या मंडळींनी २२ जुलै २०२१ नंतर दुकानंच्या दुकानं उपसली. भिजलेले सातबारा आणि पासबुकं कशी वाळवलीत, तेवढं कुणीतरी लिहा.