थेंबाचा प्रवास : सुश्रुतापासून बॉथेलपर्यंत

बॉथेल म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना ४०५ वरची गर्दी आठवते. पण डोळ्याच्या औषधांच्या इतिहासातही या गावाचं एक पान आहे. मी संगणकक्षेत्रातला माणूस, डॉक्टर नव्हे. आईच्या काचबिंदूच्या थेंबांमुळे या विषयावर वाचत गेलो.

प्रश्न जुनाच आहे : औषध डोळ्यात पोहोचवायचं कसं? सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ‘तर्पण’ नावाचा उपचार आहे. रुग्णाला उताणं निजवून डोळ्याभोवती उडदाच्या पिठाचं आळं करायचं, त्यात पातळ केलेलं औषधी तूप पापण्यांचे केस बुडेपर्यंत ओतायचं आणि ठरावीक वेळ राहू द्यायचं. औषध डोळ्यावर टिकत नाही, ही अडचण आपल्या पूर्वजांनी ओळखली होती!

१८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी कोकेनचे थेंब घालून डोळा बधिर केला आणि शस्त्रक्रिया सुसह्य झाली. थेंबाचं सामर्थ्य जगाला कळलं, पण मर्यादा राहिलीच. डोळ्यात एरवी जेमतेम ७ ते १० मायक्रोलिटर अश्रू असतात. बाटलीतला थेंब ३० ते ५० चा. उरलेलं गालावर ओघळतं किंवा नाकावाटे घशात उतरतं. (थेंबांनंतर तोंड कडू होतं ते यामुळेच.) आत पोहोचतं ते ५ टक्क्यांहूनही कमी.

मागच्या पडद्यापर्यंत तर थेंब जवळजवळ जातच नाही. रक्तातून जावं, तर तिथली पेशींची भिंत बहुतेक औषधं अडवते. म्हणून २००४ पासून वार्धक्यात पडदा झिजण्याच्या ‘ओल्या’ प्रकारावर थेट डोळ्यात टोचायची औषधं आली. गुण आला, पण पुन्हा पुन्हा सुई!

इथे बॉथेल येतं. जपानी नेत्रतज्ज्ञ र्‍यो कुबोता यांनी २००२ साली ‘अक्युसेला’ ही कंपनी स्थापली. २००८ साली, बॉथेलमध्ये असताना, तिने ओत्सुका या जपानी कंपनीशी करार केला. ध्येय होतं ‘कोरड्या’ प्रकारावर सुईऐवजी साधी गोळी. गोळीचा परिणाम डोळ्यापर्यंत पोहोचला. काहींना अंधारात दिसायला वेळ लागू लागला, ही त्याचीच खूण. पण ५०० हून अधिक रुग्णांवरच्या चाचणीत झीज मंदावली नाही, हे २०१६ साली स्पष्ट झालं. पुढे २०२३ साली या आजाराच्या प्रगत अवस्थेसाठी अमेरिकेत दोन औषधं मंजूर झाली. दोन्ही सुईचीच!

म्हणजे वाट सापडणं हे अर्धंच काम. तरी हातातल्या थेंबाचं चीज करणं आपल्याला जमण्यासारखं आहे. भारतातून आलेल्या आईवडिलांना एवढं जरूर सांगा : एका वेळी एकच थेंब, मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा एक-दोन मिनिटं हलकेच दाबायचा, आणि दुसरं औषध पाच मिनिटांनी. सुश्रुताचं आळं आता आपल्या बोटाच्या टोकावर आहे.