राणीछाप रुपया

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी अजूनही पुष्कळ घरांत एक जुना डबा उघडला जातो. फडक्यात गुंडाळलेला राणीछाप चांदीचा रुपया त्यातून निघतो, रांगोळीने घासला जातो आणि हळदकुंकू लावून ताटात मांडला जातो. वजन एक तोळा; एका अंगाला व्हिक्टोरिया राणीचा मुखडा. त्या रुपयाला वाणी आज मिठाचा खडाही देणार नाही. पण पूजेला मात्र तोच हवा! जिच्या राज्यातून सुटण्यासाठी आपल्या वाडवडिलांनी तुरुंग पाहिले, ती राणी खुशाल लक्ष्मीच्या शेजारी बसते आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही.

आपल्या कादंबऱ्यांत आणि चित्रपटांतही राणीच्या अमदानीतली माणसे अशीच पुन्हा पुन्हा डब्यातून बाहेर काढली जात आहेत. आचार्य अत्र्यांनी १९५४ साली ‘महात्मा फुले’ हा बोलपट काढला आणि त्याला राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी १९६८ची. राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाच्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, त्या दिवसाचीच तारीख नाव म्हणून घेऊन ‘२२ जून १८९७’ हा चित्रपट १९७९ साली आला. पुढे २०१२ साली रमाबाई रानड्यांची ‘उंच माझा झोका’ ही मालिका घरोघर पाहिली गेली. २०१६ साली डॉ. रखमाबाई, २०१९ साली पुन्हा आनंदीबाई आणि २०२४ साली ‘सत्यशोधक’मधून पुन्हा जोतीराव पडद्यावर आले.

हे वेड एकट्या आपल्यालाच लागले आहे असे नाही. खुद्द इंग्रजीतही तेच चालले होते. ‘जेन एअर’ या १८४७च्या कादंबरीत माळ्यावर कोंडलेली एक वेडी बायको आहे. जीन ऱ्हिस या लेखिकेने १९६६ साली त्या मुक्या बाईला तोंड दिले आणि तिची हकिकत तिच्याच बाजूने सांगितली. जॉन फौल्सची व्हिक्टोरियन काळावरील प्रसिद्ध कादंबरी आली १९६९ साली. या दोहोंच्या मधल्या वर्षी पुण्यात ‘आनंदी गोपाळ’ लिहून झालेली होती! कोणी कोणाचे पाहून लिहिले असे नव्हे. ज्या काळाने बायकांना बोलू दिले नाही, त्याच्याकडे नातवंडे-पतवंडे जाब मागायला परत जातातच.

मात्र इंग्रजांच्या आणि आपल्या गोष्टीत एक फरक आहे. आपल्याकडे त्या काळच्या माणसांनी स्वतःच पुष्कळ लिहून ठेवले आहे. हरिभाऊ आपटे यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ १८८५ची. तिचा सांगाडा रेनॉल्ड्स या इंग्रज कादंबरीकाराकडून उसना घेतलेला. परंतु पाचच वर्षांनी, १८९० साली, त्यांनी ‘करमणूक’ सुरू केले आणि त्यात ‘पण लक्षात कोण घेतो!’ क्रमशः येऊ लागली, तेव्हा बोलत होती ती आपल्याच वाड्यातली यमू. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणी १९१० साली छापल्या. न्यायमूर्ती रानडे आणि व्हिक्टोरिया राणी ही दोघेही १९०१च्या जानेवारीत, एका आठवड्याच्या आत निवर्तली. राणीचे चरित्र लिहायला विद्वानांची रांग लागली. न्यायमूर्तींच्या घरातल्या जेवणाच्या पंगती आणि बायकांचे टोमणे मात्र त्यांच्या पत्नीनेच लिहून ठेवले. आजच्या मालिका त्या शिदोरीवर चालल्या आहेत.

आम्हां बेलवली-बदलापूरकरांना तर ही माणसे शेजारची. कल्याणहून पळसधरीकडे जाणारा लोहमार्ग आमच्या गावावरून १८५६ साली सुरू झाला. त्यानंतर नऊ वर्षांनी आनंदीबाई जन्मल्या. त्यांचे माहेर कल्याणचे, माहेरचे नाव यमुना. हरिभाऊंची यमूही यमुनाच, हा एक चमत्कारिक योगायोग. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी मूल आणि दहा दिवसांत त्या मुलाचा मृत्यू. एकट्या मुलीने १८८३ साली समुद्र ओलांडला, १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टरची पदवी घेतली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात, बाविसावे वर्ष पुरे होण्याआधी, क्षयाने प्राण सोडला.

हे १८८७ साल लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबईच्या न्यायालयाने रखमाबाईला हुकूम केला: नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात बस. अकराव्या वर्षी लावलेले लग्न तिला मान्य नव्हते. तिने तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. आणि त्याच वर्षी, राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त, बोरीबंदरच्या नव्या स्थानकाला तिचे नाव दिले गेले! राज्य बाईचे, स्थानक बाईच्या नावाचे, आणि रखमाबाईला मात्र ‘नाही’ म्हणायचा अधिकार नाही. स्थानकाचे ते नाव १९९६ साली बदलले. आमची बदलापूर लोकल रोज तिथेच जाऊन थांबते. पण तिच्यातल्या किती प्रवाशांना रखमाबाई ठाऊक असेल?

म्हणून या गोष्टी पुन्हा सांगायला हव्यात, यात शंका नाही. प्रश्न आहे तो कशा सांगायच्या हा. नऊवारी, नथ, समई, वाड्याचा चौक आणि पाठीमागे सनईचे सूर, एवढे जमले की पाहणाऱ्याला वाटते, काय सुंदर काळ होता हो! गोपाळराव बायकोला शिकवणारे थोर पुरुष होते, हे खरेच. परंतु आनंदीबाईंनी अमेरिकेहून त्यांनाच लिहिलेल्या पत्रात लाकडाचा मार, अंगावर फेकलेली पुस्तके आणि खुर्च्या, सोडून जाण्याच्या धमक्या, सारे मांडले आहे. तुमचे वागणे चांगले म्हणावे की वाईट, हे ठरवणे कठीण, असा त्या पत्राचा भाव आहे. टिळकांचेही तसेच. त्यांच्यावर २०१५ साली चित्रपट निघाला. ते लोकांचे पुढारी होतेच. पण संमतिवयाच्या १८९१च्या कायद्याला त्यांनी कडाडून विरोध केला, हेही तितकेच खरे. तो कायदा तरी काय होता? मुलीचे वय दहाचे बारा केले, इतकेच! यातली एक बाजू झाकली की माणसाचा देव होतो, आणि देवापासून कोणी काही शिकत नाही. फक्त आरती करतो.

नाणे खरे की खोटे हे ओळखायला जुने लोक ते दगडावर आपटून पाहत. कथाकादंबऱ्यांनाही तीच कसोटी लावावी. जिच्यात दुखणारी गोष्ट शाबूत राहिली, ती खरी.

मी शाळामास्तर आहे, म्हणून हिशेब वर्गाच्या भाषेत करतो. नववीच्या वर्गातल्या मुलीचे वय चौदा. त्या वयात आनंदीबाईंनी आपले मूल गमावले होते. तो काळ गेला, असे म्हणून आपण सुस्कारा सोडतो. परंतु २०१९ ते २०२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांची लग्ने अठरा वर्षे पुरी होण्याआधी झालेली आढळली. मुलीच्या लग्नाला अठराची अट घालणारी दुरुस्ती १९७८ची आहे. म्हणजे शंभरातल्या बावीस मुलींना हा कायदा भेटलाच नाही.

तेव्हा या सुटीत घरात सगळे मिळून असा एखादा चित्रपट पाहाल, तर तो संपल्यावर लगेच फराळाच्या ताटाकडे वळू नका. घरातल्या चौदा वर्षांच्या मुलीला तेवढे विचारा, की त्यात तिला काय खोटे वाटले. ती जे सांगेल, ते ऐकून घ्या.