मोबाइलवर मेल येईना? दोष फोनचा नसेलही!

कार्यालयाच्या ई-मेलचे खाते मोबाइलवर घेतले, पासवर्ड स्वीकारला गेला, खाते जोडले गेल्याचा निर्वाळाही फोनने दिला. पण एकही मेल उतरत नाही. तोच पासवर्ड संगणकाच्या ब्राउझरमध्ये टाकला, की सारे टपाल समोर! अशा वेळी खापर फोनवर फोडले जाते. खाते काढून पुन्हा घातले जाते, प्रसंगी अख्खा फोन पुसून कोरा केला जातो. मायक्रोसॉफ्टचा एक्स्चेंज सर्व्हर स्वतः चालवणाऱ्या संस्थांमध्ये मात्र या दुखण्याचे मूळ पुष्कळदा सर्व्हरवरील परवानगीत सापडते.

फोन आणि एक्स्चेंज यांच्यातील देवाणघेवाण ‘अ‍ॅक्टिव्हसिंक’ पद्धतीने होते. फोन प्रथमच जोडला जात असताना सर्व्हर ‘अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी’ या नोंदवहीत त्या वापरकर्त्याच्या नावाखाली एक कप्पा उघडतो व त्यात फोनची नोंद करतो. कप्पा उघडण्याचा अधिकार एक्स्चेंजला वरच्या पातळीवरून वारशाने मिळालेला असतो. हा वारसा तुटला, की नोंद होत नाही आणि मेलही येत नाही. सर्व्हरच्या इव्हेंट लॉगमध्ये अपुऱ्या परवानगीची १०५३ क्रमांकाची नोंद दिसली, तर निदान पक्के समजावे.

वारसा तुटतो तो प्रामुख्याने ‘डोमेन अ‍ॅडमिन्स’सारख्या संरक्षित गटांतील खात्यांचा. ‘अ‍ॅडमिन-एसडी-होल्डर’ हा परवानग्यांचा नमुना या खात्यांना लागू असतो आणि दर ६० मिनिटांनी एक प्रक्रिया खाती त्या नमुन्याबरहुकूम करून टाकते. म्हणूनच साऱ्या कचेरीचे मेल सुरळीत असताना नेमका संगणक विभागाच्या प्रमुखाचा, किंवा हौसेने प्रशासकाचे अधिकार मागून घेतलेल्या साहेबांचा, फोन मुका राहतो!

उपाय तसा सोपा. ‘अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी यूजर्स अँड कॉम्प्युटर्स’मध्ये ‘व्ह्यू’ मेनूतून ‘अ‍ॅडव्हान्स्ड फीचर्स’ सुरू करावे, खात्याच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘सिक्युरिटी’ व तेथून ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये जाऊन वारशाने येणाऱ्या परवानग्या पुन्हा चालू कराव्यात. मात्र खाते संरक्षित गटातच राहिले, तर तासाभरात हा बदल पुसला जातो. गटातून काढल्यावरही ‘अ‍ॅडमिन-काउंट’ या रकान्यातील १ हा आकडा तसाच राहतो व वारसा आपोआप परतत नाही. दोन्ही हाताने दुरुस्त करावे लागतात. पद सोडून वर्ष लोटलेल्या माजी प्रशासकालाही हा त्रास होतो, तो यामुळेच.

काही जण मूळ नमुन्यातच एक्स्चेंजला अधिकार देऊन मोकळे होतात. ही पळवाट घातक आहे. तो नमुना सर्वच संरक्षित खात्यांना लागू होतो. उद्या मेल सर्व्हर कोणाच्या हाती पडला, तर संपूर्ण जाळ्याच्या किल्ल्याही त्याच्या हाती जाण्याची वाट मोकळी होते. त्यापेक्षा प्रशासनाचे खाते वेगळे, विना-मेलबॉक्स ठेवावे आणि मेलसाठी साधे खाते वापरावे.

क्लाउडवरील एक्स्चेंज ऑनलाइनमधील नकाराचे कारण निराळे असू शकते. केवळ नाव व पासवर्ड पाठवण्याची जुनी पद्धत तेथे १ ऑक्टोबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आली. जुन्या फोनवरील खाते काढून नव्या पद्धतीच्या लॉग-इनने जोडल्यास बहुधा काम होते. अ‍ॅन्ड्रॉइडवर खाते जोडताना फोनच्या सुरक्षा-व्यवस्थापनाची परवानगी मागितली जाते. ती नाकारल्यास मेल येत नाहीत. दिल्यास फोन दुरून पुसण्याचा अधिकार कार्यालयाला मिळू शकतो. फोन स्वतःच्या पैशाने घेतलेला असेल, तर होकार देण्याआधी तो मजकूर वाचलेला बरा.